कोर्सने काय शिकवलं, ते लिहायचं कसं

सेमिस्टर संपत आलं की सुरतच्या पर्वत पाटियातल्या आमच्या ओळखीपाळखीच्या घरांतून एक ठरलेला प्रश्न येतो. कॉलेजात लेखनकौशल्याचा पेपर असतो, आणि त्याच्या अंतर्गत गुणांसाठी शेवटी दोन पानं लिहून मागतात: या कोर्सने तुम्हाला काय शिकवलं? मुलं विचारतात, "रिफ्लेक्शन लिहायचंय, जरा पॉइंट्स सांगा ना." पॉइंट्स सांगायच्या आतच त्यांच्या मोबाइलवर एक पान तयार असतं. आत्मविश्वास वाढला, विचारांना दिशा मिळाली, शब्दसंपत्ती समृद्ध झाली, मॅडमचे मनःपूर्वक आभार.

या पानात खोटं काही नाही. पण ते कुणाचंही असू शकतं. 'शब्दसंपत्ती'च्या जागी 'हातशिलाई' घातलं तर शिवणक्लासच्या समारोपालाही ते चालून जाईल. हल्ली चॅटजीपीटीला सांगितलं की असं पान अर्ध्या मिनिटात मिळतं, आणि ते इतकं गुळगुळीत असतं की तपासणाऱ्याची नजर त्यावरून घसरतेच. तुमच्या वहीत ऑगस्ट महिन्यात काय खोडलं गेलं होतं, हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. ते फक्त तुम्हाला ठाऊक असतं. म्हणून लिहायचं ते तेच.

ही दोन पानं आता टळणारी नाहीत. डिसेंबर २०२२मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीचा जो नवा आराखडा दिला, त्यात भाषा आणि संवादकौशल्याच्या अभ्यासक्रमांना ८ क्रेडिट राखून ठेवले आहेत. त्यामुळे बी.कॉम.वाला असो की बी.एस्सी.वाला, लेखनाचा काही ना काही पेपर प्रत्येकाच्या वाट्याला येतो. अमेरिकेला गेलेल्यांना तर पहिल्याच वर्षी याला तोंड द्यावं लागतं. हार्वर्डने १८८०च्या दशकात पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन सक्तीचं केलं आणि ती पद्धत तिकडे सगळीकडे पसरली. पुढे शंभरेक वर्षांनी एकाच परीक्षेऐवजी वर्षभराचं लिखाण फाइलमध्ये लावून द्यायची पद्धत रुळली. त्या फाइलवर एक पत्र जोडायचं असतं: मी काय शिकलो, ते याच पानांच्या आधारे सांगतो. आपल्याकडचं 'रिफ्लेक्शन' त्याच पत्राचं भावंड आहे. फरक एवढाच की तिकडे पत्राखाली फाइल असते, आणि आपल्याकडे बहुतेकदा नुसतं पत्र असतं.

पहिलं काम म्हणजे ती फाइल गोळा करणं. वही सापडत नसेल तर घाबरू नका. क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही पानांचे फोटो टाकले असतील. ईमेलच्या 'सेंट'मध्ये जुनी असाइनमेंट पडून असेल. गुगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर जुन्या आवृत्त्या तारीख-वेळेसकट बघता येतात, ही सोय अनेकांना माहीतच नसते. मैत्रिणीकडे तुमची वही कॉपी करायला गेली असेल, तर तिथूनही परत मागवा. लाल शाईच्या खुणा असलेलं एक तरी पान हाती लागेपर्यंत लिहायला बसू नका.

नोंदी जपायची ही खोड सुरतेला नवी नाही. १८४४ साली इथे मानवधर्म सभा ही समाजसुधारकांची सभा स्थापन झाली. त्यात दुर्गाराम मेहताजी होते आणि त्यांच्याबरोबर आपले दादोबा पांडुरंग होते. १८३६मध्ये मराठीचं व्याकरण लिहिणारे हे दादोबा त्या काळात सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते, हे इथल्या मराठी मुलांना कुणी सांगत नाही. सभेत काय बोलणं झालं, कुणी काय शंका काढली, हे दुर्गारामांनी लिहून ठेवलं. त्या नोंदी होत्या म्हणूनच महिपतराम रूपराम यांना पुढे १८७९मध्ये दुर्गारामांचं चरित्र उभं करता आलं.

दुसरं नाव गुजराती कवी नर्मदचं, ज्याच्या नावाचं विद्यापीठ आपल्या गुणपत्रिकांवर छापलेलं असतं. जन्म १८३३, गोपीपुऱ्यातल्या आमलीरानचा. मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकत असताना १८५०-५१च्या सुमारास त्याने तरुण मित्रांच्या सभेत एक निबंध सादर केला. मंडळी स्थापन करून एकत्र येण्याचे फायदे, असा विषय. गुजराती गद्यातला पहिला निबंध म्हणून त्याचं नाव घेतात. त्या काळी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सभा काढल्या होत्या, मराठी मुलांचीही ज्ञानप्रसारक सभा होती. तिथे निबंध लिहून आणायचा, सगळ्यांसमोर वाचायचा आणि टीका ऐकून घ्यायची. लेखनाचा कोर्स म्हणतात तो याहून फार वेगळा नसतो. पुढे १८६६मध्ये नर्मदने 'मारी हकीकत' ही आत्मकथा लिहिली आणि तिला स्वतःच खर्डा म्हटलं. मोजक्या प्रती काढून जवळच्यांना दिल्या. सर्वांसाठी ती बाहेर आली १९३३मध्ये, त्याच्या जन्मशताब्दीला. स्वतःच्या घडणीविषयी लिहिताना 'हा खर्डा आहे' असं म्हणायची मोकळीक एवढ्या मोठ्या माणसाने घेतली, तर ती आपणही घ्यायला हरकत नाही.

आता मुख्य काम. जमवलेल्या कागदांतून दोनच पानं निवडा: एक सुरुवातीचं, एक शेवटचं. शक्यतो एकाच प्रकारचं लिखाण असावं, म्हणजे अर्जाशेजारी अर्ज, निबंधाशेजारी निबंध. दोन्ही समोर ठेवून फक्त एवढं बघा की शेवटच्या पानात असं काय आहे, जे पहिल्या पानात तुम्ही लिहूच शकला नसता. अशा चार-पाच गोष्टी दिसतील. त्यातली एक ठेवा आणि बाकीच्यांचा मोह सोडा. दोन पानांत पाच गोष्टी बसवायला गेलात की पुन्हा 'आत्मविश्वास वाढला'वर गाडी येते.

उदाहरण घेऊ, आपल्या भागातलंच. पावसाळ्यात मिठी खाडी भरली की लिंबायत-पर्वत पाटियाच्या सखल सोसायट्यांत पाणी चढतं आणि महापालिकेच्या झोन ऑफिसला अर्ज जातो. अर्जलेखन बहुतेक कोर्समध्ये असतंच. समजा, जुलैमध्ये एका विद्यार्थिनीने वर्गात हा अर्ज लिहिला:

"सविनय निवेदन करण्यात येते की, आमच्या सोसायटीमध्ये पाण्याची अत्यंत गंभीर समस्या निर्माण झालेली असून त्यामुळे समस्त रहिवाशांना प्रचंड मनस्ताप सहन करावा लागत आहे. तरी याबाबत त्वरित योग्य ती कार्यवाही करण्यात यावी."

आणि ऑक्टोबरमध्ये तिनेच हा लिहिला:

"सोसायटीच्या मागच्या गेटसमोर ड्रेनेजचं चेंबर आहे. पाऊस थांबल्यावरही तासभर त्यातून पाणी वर येत राहतं आणि ए विंगच्या तळमजल्यावरच्या चारही घरांत शिरतं. चेंबरची जाळी गाळाने बुजली आहे. पुढच्या पावसाआधी जाळी साफ करून लाइन तपासून द्यावी. मागच्या गेटची चावी वॉचमनकडे असते, तो दिवसभर तिथेच असतो."

पहिला अर्ज वाचून साहेबाला कळतं की कुणीतरी वैतागलं आहे. दुसरा वाचून माणूस पाठवता येतो. अर्ज प्रत्यक्षात गुजरातीतून जाईल, पण फरक तोच राहील.

ही मुलगी 'मी काय शिकले' लिहायला बसली तर सहज लिहून जाईल: "मी मुद्देसूद लिहायला शिकले." हे वाक्य अडवायचं. मुद्देसूद म्हणजे काय केलं? पहिल्या अर्जात किती विशेषणं आहेत आणि दुसऱ्यात किती, हे तिने बघावं. पहिल्यात पाणी नेमकं कुठून येतं हे कुठेही नाही, हे लिहावं. 'योग्य ती कार्यवाही' ऐवजी 'जाळी साफ करून लाइन तपासून द्यावी' हे कसं सुचलं, ते सांगावं. मॅडमनी वहीत लाल शाईने 'म्हणजे नक्की काय?' असं लिहिलं असेल तर ते तसंच उतरवावं, आणि ते वाचून आधी राग आला असेल तर तोही. सगळ्यात महत्त्वाचं ते चावीबद्दलचं वाक्य. ते कुणी शिकवलं नाही. वाचणारा माणूस इथे येईल, बंद गेटसमोर उभा राहील आणि परत जाईल, हे चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं म्हणून ते लिहिलं गेलं. कोर्सने काही दिलं असेल तर ते हे: कागदाच्या पलीकडे एक माणूस बसला आहे याची जाणीव. दोन पानं भरायला एवढं पुरेसं आहे.

आमच्याकडे घराघरांत कापडाचा धंदा आहे, म्हणून सांगतो. कापड घेणारा लेबल वाचून माल घेत नाही, ताका उलगडून बघतो. रिफ्लेक्शन तपासणाऱ्यासमोरही ताका उलगडायचा असतो, म्हणजे तुमची दोन वाक्यं, आधीचं आणि नंतरचं, जशीच्या तशी उतरवायची. जुनं वाक्य सुधारून घेऊ नका. त्यातली चूक दिसली नाही तर नव्या वाक्याची किंमत कुणाला कळणार?

आभारांबद्दल मुलं माझं ऐकत नाहीत, तरी सांगतो. पहिल्या परिच्छेदात आभार नकोत. गुरुजनांबद्दलचा आदर आपल्याकडे खरा असतो, तो लपवायचं कारण नाही. पण 'मॅडमच्या अनमोल मार्गदर्शनामुळे' हे वाक्य मॅडमना वर्गातल्या प्रत्येकाकडून मिळणार आहे. त्यांनी कुठल्या पानावर काय विचारलं आणि त्यावर तुम्ही काय केलंत, हे लिहिलंत तर आभार त्यातच आले.

सुरतेतल्या मराठी मुलांची एक गोष्ट मात्र वेगळी आहे आणि तिच्यावर थोडं थांबायला हवं. महापालिकेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना, डिंडोली भागातली अनेक मुलं मराठी माध्यमात शिकून पुढे येतात. मग वरच्या वर्गांत कुणी गुजरातीत जातं, कुणी हिंदीत, आणि कॉलेजात लेखनाचा पेपर इंग्रजीत समोर येतो. घरी आई-आजी अहिराणी बोलतात, कारण मूळ घर जळगाव, धुळे नाहीतर नंदुरबारकडचं. दुकानात गुजराती, शेजारच्या राजस्थानी घरांशी हिंदी. एका दिवसात चार भाषा होतात, आणि तरी मूल रिफ्लेक्शनमध्ये लिहितं की 'माझी भाषा कच्ची आहे.'

कच्ची नाही, वाटली गेली आहे. तुमच्या दोन पानांत खरा मजकूर इथेच सापडण्याची शक्यता जास्त. निबंधाचा विचार कुठल्या भाषेत सुचला? कुठल्या भाषेत उतरवला? मध्ये काय गळलं? समजा, आजीच्या तोंडचा एक किस्सा तुम्ही इंग्रजी निबंधात घातलात आणि तो सपाट झाला. मग कोर्समध्ये शिकलात की आधी सगळा किस्सा घरच्या बोलीत लिहून काढायचा आणि त्यातलं इंग्रजीत काय न्यायचं, काय सोडायचं ते नंतर ठरवायचं. हे तुम्ही केलं असेल तर त्याच्याएवढी सांगण्यासारखी गोष्ट नाही. एकाच भाषेत वाढलेल्या विद्यार्थ्याला हे लिहिता येणार नाही. आणि केलं नसेल तर आता करून बघा. निदान या रिफ्लेक्शनचा कच्चा खर्डा तरी घरी बोलता त्या भाषेत लिहा. घासून-पुसून मग हव्या त्या भाषेत न्या.

शुद्धलेखनाचंही तसंच. गुजराती शिकून आलेल्या मुलांची मराठी वही उघडली की ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ दिसतो, आणि त्याला कारण असतं. कवी, गुरू हे शब्द मराठीत शेवटी दीर्घ लिहायचे आणि गुजरातीत ऱ्हस्व. हात एका वळणाला लागला की दुसरीकडे चुकणारच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२मध्ये ठरले तेव्हा १४ होते, १९७२मध्ये ४ वाढले, एकूण १८. ते काही डोंगर नाहीत. 'माझ्या शुद्धलेखनात सुधारणा झाली' असं मोघम लिहिण्यापेक्षा 'शब्दाच्या शेवटचा इकार मी आता थांबून बघते, कारण गुजरातीची सवय' हे लिहा. यात सुधारणाही आली, तिचं कारणही आलं.

कोर्सने काय शिकवलं नाही, हेही लिहायचं का? लिहायचं, पण तक्रारीच्या सुरात नाही. पुष्कळ कोर्स साचा शिकवतात: प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. परीक्षेत तो साचा तारतो, हे खरंच. पण मुद्दे दोनच असतील तर काय करायचं, किंवा लिहिता लिहिता मत बदललं तर काय, हे तो साचा सांगत नाही. तुम्हाला हे कुठे अडलं, हे एका परिच्छेदात सांगितलंत तर बहुतेक शिक्षक नाराज होत नाहीत. उलट या मुलाने साचा वापरून बघितला आहे, हे त्यांच्या ध्यानात येतं. एखाद्या शिक्षकाचं ठाम मत असतं की समारोपात सुविचार हवाच. अशा वेळी गुणांचा हिशेब तुमचा तुम्ही करा. मी तरी पोरांना बंडखोरीचा सल्ला देत नाही, पण सुविचाराच्या आधीच्या ओळीत आपलं खरं वाक्य बसवायला जागा असते.

आणखी एक गोष्ट तपासून बघा: कोर्स संपल्यावर, कुणी गुण देणार नसताना, तुम्ही काय वेगळं लिहिलंत? इथे पुष्कळ मुलं संध्याकाळी रिंग रोडच्या नाहीतर सारोलीच्या मार्केटमध्ये दुकानावर बसतात. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला माल परत का आला, पैसे कधी येणार, पार्सल कुठल्या ट्रान्सपोर्टने गेलं, हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायचं काम त्यांच्याकडेच येतं. 'शेठ, माल का परत केला, बोला ना' असं तीनदा पाठवणारा मुलगा आता एकाच मेसेजमध्ये बिल नंबर, डिझाइन नंबर, परत आलेले पीस आणि 'उत्तर उद्या दुपारपर्यंत द्यावे' असं लिहीत असेल, तर ते कोर्सचंच देणं. त्या मेसेजचा स्क्रीनशॉट, व्यापाऱ्याचं नाव-नंबर झाकून, फाइलला जोडा. वर्गाबाहेरचा पुरावा क्वचितच कुणी जोडतं. घरच्या बायकांनाही हे सांगावंसं वाटतं. लग्नाआधी कॉलेजात असा पेपर झाला असेल, तर महिला मंडळाचा अहवाल किंवा शाळेला दिलेलं पत्र तुम्हीच का लिहिता, याचं उत्तर त्या पेपरात सापडेल.

पान तयार झालं की ते अशा माणसाला मोठ्याने वाचून दाखवा, ज्याने हा कोर्स केलेला नाही. घरात बाबा असतील, मोठी बहीण असेल. ते मध्येच 'म्हणजे?' असं विचारतील तिथे पेन्सिलने खूण करा, उत्तर देऊ नका. वाचून झाल्यावर खुणा बघा आणि त्यांना तोंडी जे सांगितलं असतं तेच कागदावर लिहा. वर्गमित्राला वाचून दाखवू नका; त्याला सगळं आधीच माहीत असतं, तो 'मस्त' म्हणून मोकळा होतो.

ज्यांच्या कॉलेजात मराठी लेखनाचा पेपर नाही आणि तरी शिकायचं आहे, त्यांनी महाराष्ट्रातल्या भावंडांकडून बारावीचं मराठीचं पाठ्यपुस्तक 'युवकभारती' मागवावं. त्यातल्या उपयोजित मराठीच्या भागात मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल आणि वृत्तलेख असे प्रकार सोदाहरण दिले आहेत. भावंडांनी वही-पुस्तकं रद्दीत घातली असतील तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळते. शुद्धलेखनासाठी अरुण फडके यांचं 'शुद्धलेखन ठेवा खिशात' हे छोटं पुस्तक जवळ असू द्या. अहवालापासून सुरुवात करा: सोसायटीच्या गणेशोत्सवाचा, एका पानाचा. त्यावर तारीख घाला आणि पहिला खर्डा फाडू नका. दिवाळीनंतर तोच अहवाल पुन्हा लिहा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवायला दोन पानं तुमच्याकडेही असतील.